मॅलाकी डॉर्गनचा गुडघा

“थांबा! परत मोडलं काहीतरी!”

व्हिटकोम साहेबांनी काचेच्या खोलीतून डोके बाहेर काढले आणि वाद्यवृंद मध्येच कोसळला. आधी व्हायोलिने थांबली, मग तुताऱ्या, आणि सगळ्यात शेवटी ढोलवाला, कारण तो झोपेतच वाजवत होता. बत्तीस नाचणाऱ्या मुली एकेक पाय हवेत धरून थबकल्या. चौदावा टेक होता.

“आता काय मोडलं?” दिग्दर्शक क्लिंगर खुर्चीतून न उठता म्हणाले.

“फांदी मोडल्यासारखा आवाज आहे. कट्. वाळकी फांदी.”

“व्हिटकोम, इथं झाड कुठंय? मला एक झाड दाखवा, मी स्वतः कुऱ्हाड आणतो.”

“मला दिसत नाही हो. मला ऐकू येतं,” व्हिटकोम साहेब म्हणाले आणि डोके आत घेतले.

यावर बोलायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी हा माणूस टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडायचा. चित्रपट बोलू लागले आणि स्टुडिओने त्याला खांबावरून उतरवून थेट सिंहासनावर बसवले. आता तो हेडफोन लावून काचेमागे बसे, आणि दिग्दर्शकसुद्धा त्याला विचारून खोकत असत.

ही १९३० सालच्या मे महिन्यातली गोष्ट. चित्रपटाचे नाव होते ‘हुर्रे हॅरिएट’. आमचा स्टुडिओ गॉवर स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, लाकडाच्या वखारीला चिकटून होता. मी तिथे दिवेवाला. पूर्वी माझ्याकडे कार्बनचे दिवे होते. ते गुणगुणतात म्हणून व्हिटकोम साहेबांनी ते हाकलले आणि त्यांच्या जागी भोपळ्याएवढे काचेचे बल्ब आणले. हे बल्ब तोंडाने गप्प होते, पण अंगाने फार तापट. त्यात दारे बंद, झरोके बंद, पंखे बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. एकदा नाश्त्याच्या दृश्यासाठी आणलेली बारा अंडी मी तासभर दिव्याखाली विसरलो. सात उकडली आणि पाचांतून पिल्ले निघाली. त्यातला एक कोंबडा पुढे चार वर्षे माझ्याकडे होता. तो आज असता तर त्यालाच साक्षीला बोलावले असते.

कॅमेरा घरघरतो म्हणून त्याला कॅमेरामनसकट आतून गाद्या ठोकलेल्या खोक्यात कोंडत. आम्ही त्या खोक्याला बर्फाची पेटी म्हणायचो. सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येई तो स्वतःच्या धाकट्या भावासारखा दिसे.

तर फांदीचा शोध सुरू झाला. मुलींच्या गळ्यातल्या माळा काढल्या. त्यांचे कडक परकर काढून मऊ आणले. चेलोवाल्याची खुर्ची बदलली. ट्रॉम्बोनवाल्याची कवळी काढून पाण्याच्या ग्लासात ठेवली. त्यानंतर तो जे वाजवत होता ते वेगळेच गाणे होते, पण कुणात हरकत घ्यायचे त्राण नव्हते. पंधरावा टेक झाला. सोळावा झाला. दोन्ही वेळा नाच शेवटाकडे आला की, कट्.

मी शिडीवर बसलो होतो. तिथून मला काळ्या पडद्यामागचे दिसायचे. आणि पडद्यामागे उभा होता मॅलाकी डॉर्गन.

त्याचे काम सांगायला हवे. आमचा नायक लायल बॅन्क्रॉफ्ट. चेहरा असा की पोस्टरसमोरून जाताना बायका थांबून टोपी सारखी करत. पाय मात्र ओल्या पोत्यासारखे. तो लाकडी तळाचे बूट घालून नाचला की वाटायचे, कुणीतरी जिन्यावरून बटाटे सोडलेत. म्हणून त्याच्या बुटांना आणि सगळ्या मुलींच्या बुटांना खालून लोकरीचा जाड नमदा शिवला होता. सेटवर सगळे मांजरासारखे निःशब्द नाचत. आणि पडद्यामागे, दाराएवढ्या मेपलच्या फळीवर, डोक्यावर टांगलेल्या माइकखाली हा साठीचा म्हातारा लाकडी तळाचे बूट घालून उभा. पडद्याच्या फटीतून बॅन्क्रॉफ्टच्या पायांकडे बघायचे आणि त्याच क्षणी तेच पाऊल वाजवायचे. नुसता नाचच नाही, बॅन्क्रॉफ्ट सेटवर जिथे जिथे चालेल तिथे तिथे चालायचे मॅलाकीने. आणि बॅन्क्रॉफ्ट चुकला की मॅलाकीनेही चुकायचे. चाळीस वर्षे नाचलेल्या माणसाला दिवसभर दुसऱ्याच्या चुका बिनचूक कराव्या लागत.

सोळाव्या टेकनंतर तो फळीवर उभा राहून आपल्या डाव्या गुडघ्याकडे बघत होता. चर्चमध्ये भलत्या वेळी बोलून गेलेल्या पोराकडे आई बघते, तसा. मग त्याने मान वर केली आणि त्याची नि माझी नजरानजर झाली.

झाले. फांदी सापडली होती.

मी शिडीवरून ओरडलो, “व्हिटकोम साहेब, माझा दिवा आहे तो! सात नंबरचा. काच तापली की तडकतेय.”

“मग इतका वेळ झोपला होतास काय, आयरा?”

“उकडत होतो, साहेब.”

“काढ तो दिवा सेटवरून. जेवणाची सुट्टी!” क्लिंगर म्हणाले. मुली जिथे होत्या तिथेच बसल्या. जेवायला उठायचेही कुणाच्या जिवावर आले होते.

*

दिव्यांच्या कोठीमागे सावलीची एक पट्टी होती. मॅलाकी तिथे पालथ्या खोक्यावर बसून उकडलेल्या अंड्याचे सँडविच नुसतेच हातात धरून होता.

“दिव्याच्या डोक्यावर खापर फोडलंस,” तो म्हणाला.

“दिवा काही बोलत नाही. गुडघा बोलतो. कधीपासून?”

“स्क्रँटनला खेळ होता, एकोणीसशे अकरा साली. स्टेजवरून खाली वाद्यवृंदात पडलो. सरळ ढोलात. लोकांना वाटलं खेळातलंच आहे, दोनदा करायला लावलं.”

“आणि तू केलंस?”

“टाळ्या पडत होत्या रे.” त्याने गुडघा वाकवला. कट्. “तापलेला असला की गप्प बसतो. थंड झाला की सुरू. सकाळी ठीक होता. आता दोन टेकच्या मधे तासतासभर उभं राहायचं म्हणजे...”

“व्हिटकोमला कळलं तर संध्याकाळपर्यंत दुसरे पाय आणेल.”

“आणू दे की. उद्या आणू दे. आजचा हा एक नाच होऊ दे माझ्या पायांनी. डेलियाला सांगून ठेवलंय मी.”

डेलिया म्हणजे त्याची बायको. एके काळी ‘डॉर्गन आणि डॉर्गन’ अशी जोडी होती. सव्वीस वर्षे दोघे गावोगावच्या थिएटरांतून नाचले. कुत्र्यांच्या कसरतींनंतर आणि जादूगाराच्या आधी त्यांचा नंबर असे. मग बोलपट आले, थिएटरवाल्यांनी कुत्री, जादूगार आणि डॉर्गन यांना एकाच दिवशी रजा दिली. त्याच सुमाराला काचबिंदूने डेलियाची नजर गेली. पण बाई रडणारी नव्हती. आठवड्यातून दोनदा सिनेमाला जायची. “मिस्टर आयरा, मूक सिनेमा बहिऱ्यांचा होता,” ती मला म्हणायची, “आता तो आंधळ्यांना मिळाला. बिचारे बहिरे! त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.”

“काय सांगून ठेवलंयस तिला?” मी विचारले.

मॅलाकीने फळकुटावर बोटांनी वाजवले. टक टक-टक, टक. मग थांबला.

“हे आमच्या खेळाचं शेवटचं. इथं मी थांबायचो. दोन ठोके रिकामे. ते डेलियाचे. ती पलीकडच्या टोकाहून वाजवायची, टक टक. सव्वीस वर्षं मी ते दोन ठोके मोकळे सोडलेत. या नाचाच्या शेवटी वाद्यं थांबतात ना, नुसती पावलं राहतात? तिथं बसवलंय मी ते. बॅन्क्रॉफ्टला शिकवलंय, तिथं टोपी काढ आणि दोन ठोके गप उभा राहा. तेवढं जमतं त्याला.” तो सँडविचकडे बघत राहिला. “दोन वर्षं झाली, तिनं मला नाचताना ऐकलं नाही. खोलीत नाचावं तर घरमालकीण झाडू आपटते. तिला सांगितलंय, थिएटरात बस आणि ऐक. कुठल्याही भोपळ्याचं तोंड असो पडद्यावर, पाय माझेच. तिथं मी थांबलो की तू वाजव.”

मी दिवेवाला. माझ्याकडे द्यायला उष्णता तेवढी होती.

“पँट वर कर,” मी म्हणालो.

स्वयंपाकवाल्याकडून डुकराच्या चरबीचा गोळा मागून आणला, फ्लॅनेलच्या पट्टीला फासला आणि गुडघ्याला गुंडाळला. आणि सेटवरून हद्दपार झालेला तो बिचारा सात नंबरचा दिवा पडद्यामागे नेऊन, त्याचे तोंड गुडघ्याकडे करून लावला. पाच मिनिटांत खानावळीसारखा वास सुटला.

“आयरा, मी शिजलो तर?”

“तर मुलींना वाढू. सकाळपासून उपाशी आहेत.”

*

दुपारी सतरा ते बावीस. बॅन्क्रॉफ्ट अडखळला, मॅलाकी त्याच्यासोबत अडखळला. एक मुलगी घेरी येऊन पडली. नमद्यामुळे तिच्या पडण्याचासुद्धा आवाज झाला नाही, म्हणून टेक पुढे चालूच राहिला. बर्फाच्या पेटीतून कॅमेरामनने आतून दार ठोठावले. त्याला बाहेर काढून पाणी पाजले आणि परत आत घातले. पडद्यामागे म्हातारा एका पायावर जोर देऊन उभा होता, डाव्या पायाची पँट मांडीपर्यंत वर, गुडघ्यावर उजेडाचा पिवळा गोळा. घाम त्याच्या हनुवटीवरून फळीवर पडायचा. ते थेंब वाजू नयेत म्हणून तो सारखा रुमालाने हनुवटी टिपत होता.

तेविसावा.

तुताऱ्या वाजल्या, मुली फिरल्या, बॅन्क्रॉफ्टने दात दाखवले. आणि का कुणास ठाऊक, कदाचित चुकण्याइतकीही शक्ती उरली नव्हती म्हणून, तो चुकला नाही. पडद्यामागे मॅलाकीचे पाय सुटले. मी शिडीवर होतो, मला दोन्हीकडचे दिसत होते. एका बाजूला हसरा चेहरा आणि मुके पाय, दुसऱ्या बाजूला थकलेला चेहरा आणि ते पाय. त्या फळीवर त्या वेळी सहा घोडे, एक आगगाडी आणि पत्र्यावर उतरलेली शंभर चिमण्यांची झुंड होती. ही मात्र थाप नाही.

वाद्ये थांबली. नुसती पावले राहिली. टक टक-टक, टक.

बॅन्क्रॉफ्टने टोपी काढली. दोन ठोके रिकामे गेले. अख्ख्या स्टेजवर कुणी श्वास घेतला नाही. मग वाद्ये परत उसळली.

त्या काळी मेणाच्या तबकडीवरून लगेच ऐकता येई. ऐकली की ती तबकडी वाया जाई, खरे मुद्रण वेगळ्या तबकडीवर असे. व्हिटकोम साहेबांनी ती सगळ्यांना ऐकवली. वाजून संपल्यावर व्हायोलिनवाल्यांनी गजांनी स्टँडवर टकटक केले. तो मान ते राजालाही देत नाहीत.

“उत्तम,” व्हिटकोम साहेब म्हणाले. हा शब्द त्यांना येतो हे आम्हाला तोवर माहीत नव्हते.

एवढ्यावर दिवस संपायला हवा होता. पण क्लिंगरना अजून एक तुकडा हवा होता. शेवटच्या प्रवेशात नायक हॅरिएटच्या घराच्या पाच पायऱ्या चढतो, दार ठोठावतो, एवढेच. गाणे नाही, बोलणे नाही. “पाच मिनिटांचं काम,” क्लिंगर म्हणाले. मी वळून बघतो तर मदतनिसांनी जास्तीचे दिवे विझवायला सुरुवात केली होती, आणि त्यात पहिला माझा सात नंबरचा. मी ओरडेपर्यंत लाल बत्ती लागली. लाल बत्तीत ओरडायचे नसते.

बॅन्क्रॉफ्ट चढू लागला. मॅलाकी फळीवर चालू लागला. एक. दोन. तीन. चार. पाच.

कट्.

मॅलाकी जागच्या जागी गोठला. बॅन्क्रॉफ्टही, आवाज ऐकून, हात उगारलेला तसाच थबकला. दोन ठोके जातील एवढा वेळ काहीच नाही. मग त्याने दार ठोठावले.

या वेळी व्हिटकोम साहेबांनी डोके बाहेर काढले नाही. ते स्वतःच बाहेर आले. सरळ चालत पडद्यामागे गेले. वर केलेली पँट बघितली. पट्टी बघितली. वास घेतला. विझलेल्या दिव्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

“व्हिटकोम!” पलीकडून क्लिंगर ओरडले. “आता काय? परत फांदी?”

साहेब मॅलाकीकडे बघत होते आणि मॅलाकी फळीकडे. व्हिटकोम साहेबांच्या कानांवर सकाळपासूनच्या हेडफोनचे लाल वळ उठले होते. एवढ्या दमलेल्या माणसाला कठोर व्हायलाही कष्ट पडतात.

“जिना वाजला,” ते मोठ्याने म्हणाले.

“काय?”

“जिना हो. जुन्या घराचा जिना आहे ना? वाजणारच.”

“मग ठेवायचं?”

“ठेवा. खरं वाटतं.”

मग ते हळू आवाजात मॅलाकीला म्हणाले, “डॉर्गन, आजचं काम झालं. पुढच्या चित्रपटाला मला दुसरे पाय बघावे लागतील. समजून घ्या.”

“समजलो, साहेब.”

“तेविसावा टेक फार छान होता.”

“हो,” मॅलाकी म्हणाला आणि पट्टी सोडायला खाली वाकला. कट्.

*

लोकांचे मन कधी फिरते हे लोकांनाही कळत नाही. वर्षभर त्यांना नाच-गाण्याशिवाय दुसरे काही नको होते. दंतवैद्याच्या गोष्टीतसुद्धा बत्तीस मुली नाचत. बत्तीस दात म्हणून ते एक शोभून तरी दिसे. आणि सप्टेंबर उजाडतो तो थिएटरांबाहेर पाट्या: ‘या चित्रपटात गाणी नाहीत!’ जणू काही ‘दुधात पाणी नाही’.

संकलन खात्यात आमची जेवणाची सोबतीण होती, हेडविग. तिने मला आवारात गाठले. “आयरा, ‘हुर्रे हॅरिएट’ची सगळी गाणी काढली. वरून हुकूम आला. आता ती विनोदी कथा आहे म्हणे. तासाभरात आटपते.”

“आणि शेवटचा नाच?”

“सगळी म्हणाले ना. कचऱ्याच्या डब्यात मी माझ्या हातानं टाकला.” तिने हात झटकले. “बरा होता रे तो.”

शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघे जाणार होतो. ही बातमी सांगायची म्हणून मी तासभर आधीच त्यांच्या घरी गेलो. वाटेत चार तऱ्हांनी वाक्य जुळवले. दार डेलियाने उघडले. डोक्यावर तित्तराच्या पिसाची टोपी, हातांत पांढरे मोजे, गळ्याशी पिन. त्यांच्या खेळातली होती ती पिन, मी फोटोत बघितली होती.

“बसा, मिस्टर आयरा! हा खोकल्याच्या गोळ्या आणायला गेलाय. मी म्हटलं, थिएटरात खोकलास तर बघ. माझं ऐकायचं राहून जाईल.”

“मिसेस डॉर्गन, मी काय म्हणत होतो...”

“घरमालकीणबाईंनाही सांगितलंय मी. म्हटलं, वर्षभर झाडू आपटलात, आता तिकीट काढून ऐका.”

तेवढ्यात बाहेर पायऱ्यांवर पावले वाजली आणि शेवटच्या पायरीवर, कट्. डेलियाने बोलणे सोडले. हात टोपीकडे गेला, पीस सारखे केले, आणि चेहरा दाराकडे वळला. मी चाळीस वर्षे माणसांच्या तोंडावर दिवे मारले, पण तसा उजेड मला कधी पाडता आला नाही.

“आला,” ती म्हणाली.

माझी चारही वाक्ये मी गिळली.

*

थिएटर अर्धे रिकामे होते. आम्ही मधल्या रांगेत बसलो. कडेला मी, मग मॅलाकी, मग डेलिया. तिने उजव्या हाताचा मोजा काढून मांडीवर ठेवला आणि बोटे खुर्चीच्या लाकडी हातावर तयार ठेवली.

चित्रपट सुरू झाला. दहा मिनिटांनी बॅन्क्रॉफ्ट म्हणाला, “हॅरिएट, माझ्या मनात काय आहे ते सांगू?” त्याने तोंड उघडले, एका तुतारीचा अर्धा सूर आला, आणि दुसऱ्या क्षणी तो दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी खात होता. लोक जरा चुळबुळले.

मॅलाकीने माझ्याकडे मान वळवली. मी पडद्याकडेच बघत राहिलो. त्याला तेवढे पुरले.

“हे काय झालं?” डेलियाने कुजबुजून विचारले.

“काही नाही. पुढं आहे.”

पुढे परत तसेच. मुली रांगेत येत आणि नाहीशा होत. वाद्यवृंद वाद्ये उचले आणि घर बदले. बत्तीस मुली, तेवीस टेक, ट्रॉम्बोनवाल्याची कवळी, सगळे कुठेतरी डब्यात पडले होते आणि पडद्यावर एक देखणा माणूस सारखा टोपी शोधत होता. डेलियाची बोटे लाकडावर तशीच तयार होती.

“अजून नाही?”

“आता येईल.”

चित्रपट शेवटाकडे आला. मॅलाकीने हळूच आपला पाय उचलला. मला कळले तो काय करणार ते. तो स्वतःच वाजवणार होता, तिथल्या तिथे, अंधारात. त्याने टाच आपटली. काही झाले नाही. खाली गालिचा होता, घोट्यापर्यंत रुतेल असा. त्याने पुन्हा आपटली. मग पाय जवळ घेतले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

पडद्यावर बॅन्क्रॉफ्ट हॅरिएटच्या दाराशी आला. शांत थिएटरात पावले वाजू लागली. एक. दोन. डेलियाने मान वर केली. तीन. चार. पाच.

कट्.

आणि मग ते काहीच नसलेले दोन ठोके.

टक टक, डेलियाच्या बोटांनी लाकडावर वाजवले. त्यानंतर बॅन्क्रॉफ्टने दार ठोठावले, पण ते कोण ऐकत होते? डेलिया मोठ्याने हसत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी तिला गप्प केले.

“तूच!” ती म्हणाली. “मॅलाकी, तूच आहेस तो! जिना चढलास!”

“हो.”

“आणि गुडघ्याला काही लावलं नव्हतंस.”

“लावलं होतं ग. उतरलं होतं.”

“आणि नाच?”

“कापला त्यांनी, डेलिया. सगळा.”

तिने त्याचा हात शोधून धरला. पडद्यावर ‘समाप्त’ आले, दिवे लागले, लोक उठले. आम्ही बसूनच होतो. त्या काळी एका तिकिटात दिवसभर बसले तरी कुणी उठवत नसे.

“छान होता का रे? नाच?”

“तेविसावा टेक छान होता,” मॅलाकी म्हणाला. “यालाच विचार.”

“सहा घोडे आणि एक आगगाडी, मिसेस डॉर्गन,” मी म्हणालो.

“तुम्ही थापा फार मारता,” ती म्हणाली. “अजून एकदा बसू या.”

आम्ही दुसऱ्यांदा बसलो. मग तिसऱ्यांदाही. खोकल्याच्या गोळ्या संपल्या. मॅलाकी मधूनमधून डुलक्या घेत होता आणि माझी पाठ धरली होती. शेवटचा प्रवेश आला तेव्हा डेलियाने मोजा हातात घातला, पिन चाचपली. पडद्यावर पावले वाजू लागली. पाचव्या पायरीवर गुडघा बोलला तेव्हा तिने बोटे वाजवली नाहीत. तिने टोपीचे पीस सारखे केले आणि चेहरा वळवला, पडद्याकडे नाही, शेजारी बसलेल्या मॅलाकीकडेही नाही, तर मागे, थिएटरच्या दाराकडे.

मॅलाकी जागा झाला होता. तो तिच्या शेजारी, अजिबात हालचाल न करता, बसून राहिला.